आईची मिश्री सुटत नाहीये, ही नुसती सवय आहे की नशा? मेंदूत नक्की काय होतं?

तुम्ही लिहिलंय की आई तीसेक वर्षं मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावतेय, मध्ये चार दिवस बंद केली तर डोकं जड, सगळ्यांवर चिडचिड, पोट साफ होईना, आणि परत लावली तर थोड्या वेळात माणसात आली, म्हणून घरातले म्हणतात तिचा मनावर ताबाच नाही. मी नर्सिंगच्या मुलींना औषधशास्त्र शिकवते आणि माझी सख्खी मावशी मिश्री लावायची, म्हणून आधी हेच सांगते की ही नशाच आहे, तंबाखूतल्या निकोटिनची, आणि यात आईच्या मनाला बोल लावू नका प्लीज.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, ते पलीकडच्या पेशीवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या जागेवर, जाऊन बसलं की निरोप पोचला. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून हे दाखवलं, आणि त्यातलं रसायन पुढे असिटिलकोलीन निघालं. आता तंबाखूचं झाड किडीपासून वाचायला जे निकोटिन बनवतं ते याच असिटिलकोलीनच्या काही रिसेप्टरांवर अगदी फिट बसतं. असे रिसेप्टर मध्यमेंदूतल्या एका छोट्या भागात भरपूर असतात, तिथल्या पेशी चेतल्या की पुढे न्यूक्लियस अॅक्युम्बन्स नावाच्या भागात डोपामिन सुटतं. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मला ते अर्धवट वाटतं, कारण त्याचं मोठं काम म्हणजे "हे लक्षात ठेव, परत कर" असं मेंदूला शिकवणं.

खरी गोम पुढे आहे. रोज निकोटिन येत राहिलं की हे रिसेप्टर बधिर होतात आणि मेंदूत त्यांची संख्या वाढते. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणजे रात्रभर झोपून सकाळी उठेपर्यंत जवळजवळ संपलेलं असतं, आणि तेव्हा हे वाढलेले सगळे रिसेप्टर एकदम रिकामे. म्हणून उठल्या उठल्या पहिली मिश्री लागतेच लागते. मिश्रीने डोकं शांत होतं असं आई म्हणते ना, ती खोटं नाही बोलत, तिला खरंच तसं वाटतं, फक्त ती बेचैनी आधीच्या मिश्रीनेच आणलेली असते.

पोटाचंही तेच. आतड्यांना स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि त्यातही हेच रिसेप्टर असतात, निकोटिनने आतडी हलतात. गावाकडे कित्येक बायका "मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही" म्हणतात आणि घरचे त्याला बहाणा समजतात, पण निकोटिन तोडल्यावर बद्धकोष्ठ होणं हे पुस्तकात दिलेलं लक्षण आहे. पाणी, पालेभाज्या, लागलं तर रात्री इसबगोल, एवढं केलं तरी सोडण्यातली एक मोठी अडचण कमी होते.

मिश्री "दात घासायची" म्हणून तिला कोणी नशेत धरत नाही. मावशी तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका, मग चुरून डबीत, आणि पहाटे बोटाने हिरड्यांना चोळून तशीच तोंडात ठेवून केरवारे, चूल सगळं उरकायची. तेवढ्या वेळात निकोटिन गालाच्या आतून सरळ रक्तात जातं, लिव्हरला चुकवून. बिडी-सिगारेटचा धूर काही सेकंदांत मेंदूत पोचतो, मिश्री सावकाश चढते पण जास्त वेळ रेंगाळते. आणि कॅन्सर मुख्यतः निकोटिनने होत नाही, तंबाखूतल्या नायट्रोसमाइन्सने आणि भाजताना तयार होणाऱ्या घातक रसायनांनी होतो, म्हणूनच तंबाखू सोडवायला निकोटिनचा गम देता येतो.

आईला मिश्री एकदम हिसकावून घेऊन नुसतं "सोड" म्हणू नका. पहिला आठवडा सगळ्यात वाईट असतो, तीन-चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं, रिसेप्टर मूळपदावर यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. 2 मिलीग्रॅमचा निकोटिन गम मेडिकलमध्ये मिळतो, पण तो च्युइंगमसारखा चघळत राहायचा नाही, सावकाश चावून चुरचुर लागली की गालात दाबून ठेवायचा, लाळ शक्यतो गिळायची नाही. आधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा लिंबू सरबत नको, कारण आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही (तंबाखूला चुना लावतात त्याच्या बरोब्बर उलट, चुन्याने ते पटकन शोषलं जातं). बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गमने भागलं नाही तर व्हॅरेनिक्लीनसारख्या तलफ कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, त्याही त्यांच्याच सल्ल्याने. 1800-11-2356 ही तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची टोल फ्री क्विटलाइन आहे, आईला स्वतःला बोलू द्या त्यांच्याशी, तुम्ही तिच्या वतीने नको.

आणि एवढ्या वर्षांची मिश्री आहे म्हणजे या आठवड्यातच तिला डेंटिस्टकडे नेऊन तोंड दाखवून आणा, गालात किंवा हिरडीवर पांढरा नाहीतर लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका.