‘द्वेषगुन्हा’ की ‘द्वेषमूलक गुन्हा’, आणि शिक्षा जास्त का?

चोपड्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे : ‘हेट क्राइम’साठी वर्तमानपत्रांत ‘द्वेषगुन्हा’ असं छापून येतं. हा शब्द बरोबर आहे का? खून म्हटला की द्वेष आलाच. मग काही खुनांनाच हे नाव देऊन त्यांना जादा शिक्षा मागणं कितपत योग्य?

व्याकरणाने ‘द्वेषगुन्हा’ चूक नाही. ‘द्वेष’ संस्कृत आणि ‘गुन्हा’ फारसी, म्हणून काही जण नाक मुरडतात. पण ‘जिल्हाधिकारी’ आपण रोज म्हणतो, तिथे कुणाला काही टोचत नाही. मी स्वतः ‘द्वेषमूलक गुन्हा’ लिहितो, कारण त्यात द्वेष हे मूळ आहे एवढं तरी कळतं. खरी अडचण ‘द्वेष’ या शब्दातच आहे, आणि तुमचा दुसरा प्रश्न नेमका तिथूनच निघतो.

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही पेपरचं आतलं पान उघडा. ‘मागील भांडणाचा राग मनात धरून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली.’ फिर्यादीतलं हे वाक्य ठरलेलं असतं. बांध कोरला, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली, निवडणुकीत पडला, आणि वर्षानुवर्षं डूख धरून एके दिवशी कुऱ्हाड उचलली. यात द्वेष ठासून भरलेला आहे. सख्ख्या चुलतभावांत जेवढा असतो तेवढा परक्यांत क्वचितच असेल. तरीही याला कुणी ‘हेट क्राइम’ म्हणणार नाही. म्हणजे मनातला द्वेष किती, याच्याशी या संज्ञेचा संबंधच नाही.

मग कशाशी आहे? मराठीत त्यासाठी एक साधं अव्यय आहे : ‘म्हणून’. ‘बांधावरून मारलं’ आणि ‘अमुक जातीचा म्हणून मारलं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यातल्या माणसाने बांध सोडला असता तर तो कदाचित वाचला असता. दुसऱ्यातल्याने काय सोडायचं? जात, धर्म, जन्माचं गाव? शिवाय त्याच्या जागी त्याच जातीचा दुसरा कुणी सापडला असता तर मार त्याला बसला असता. अहिराणीत हेच ‘म्हनीसन’ होतं. ‘चोर म्हनीसन मारं’ म्हटलं की कारण सांगून झालं. मारणाऱ्याला किती राग आला होता हे विचारायची गरज उरत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या कायद्यानेही हाच धागा पकडला आहे. बळी पडलेला माणूस त्याच्या वंशामुळे, धर्मामुळे वगैरे मुद्दाम ‘निवडला’ असेल तर शिक्षा वाढते. तिथे द्वेष मोजायला सांगितलेलंच नाही. एका खटल्यात मूळ गुन्ह्याला दोन वर्षांची कमाल शिक्षा होती, आरोपीला चार वर्षं झाली. तो कृष्णवर्णीय होता आणि मार खाणारा मुलगा गोरा होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं. विचारांना शिक्षा होते आहे, असा आक्षेप घेऊन प्रकरण वर गेलं आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वाढीव शिक्षा कायम केली.

‘विचारांना शिक्षा’ हा आक्षेप आपल्याकडेही ऐकू येतो. पण मनात काय होतं हे पाहिल्याशिवाय फौजदारी कायद्याचं पान हलत नाही. धक्का लागून मेला की ठार मारायचं ठरवून मारला, यावर सगळं अवलंबून असतं. आणि ज्या कारणापायी मृत्यू झाला त्या कारणाला वेगळं नाव, वेगळं कलम देणंही आपल्याला नवं नाही. ‘हुंडाबळी’ बघा. १९८६ मध्ये त्याचं स्वतंत्र कलम आलं, आणि शब्द असा रुळला की आज खेड्यातली म्हातारीही तो बोलते.

म्हणून माझं स्पष्ट मत : हो, शिक्षा जास्त असावी. ‘म्हणून’ मारलेल्या माणसाबरोबर त्याची सगळी वस्ती घाबरते. दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत जात नाहीत, बाया पाण्याला एकट्या निघत नाहीत, माणसं बाजाराची वाट बदलतात. बांधाच्या खुनाने घर उद्ध्वस्त होतं, ते दुःख तसूभरही कमी नाही. पण गल्लीतला प्रत्येक जण ‘उद्या माझी पाळी’ असं समजत नाही. गुन्ह्याने केलेलं नुकसान जास्त असेल तर शिक्षाही जास्त हवी. मात्र हे ‘म्हणून’ पुराव्याने सिद्ध झालं पाहिजे. मरणारा एका जातीचा आणि मारणारा दुसऱ्या जातीचा, एवढ्यावर ते गृहीत धरता येणार नाही.

ते सिद्ध करणं किती अवघड, हे आपण ज्याला नुसतं ‘अ‍ॅट्रॉसिटी’ म्हणतो त्या १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दिसतं. दहा वर्षं किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीविरुद्ध, ती त्या जाती-जमातीची आहे ‘या कारणावरून’ केला, तर जन्मठेप, अशी त्यात तरतूद होती. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २००६ साली एका दलित कुटुंबातले चौघे मारले गेले; न्यायालयांनी खून मानला, जबर शिक्षाही दिली, पण जातीच्या कारणावरून मारलं हे मानलं नाही, सूड मानला. पुढे २०१५च्या दुरुस्तीने शब्द बदलले : ‘या कारणावरून’च्या जागी ‘हे माहीत असताना’ आलं. आरोपी त्या कुटुंबाला वैयक्तिकरीत्या ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असं न्यायालयाने धरून चालायचं, नव्हती हे त्याने दाखवायचं. आमच्या खान्देशातल्या गावांत आडनाव ऐकलं की गल्ली कळते, गल्ली कळली की जात. ‘मला ठाऊक नव्हतं’ हे तिथे कोण मानणार? आणि जुन्या शब्दांबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की जात हे एकमेव कारण असण्याची गरज नाही. इतर कारणांबरोबर तेही असू शकतं. बांधाचं भांडण आणि जात एकाच कुऱ्हाडीत असू शकतात, हे गावात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही.

आता राईनपाडा. साक्री तालुक्यातलं हे गाव, १ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत फिरणारे. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून पसरलेली. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना ठेचून मारलं. याला ‘झुंडबळी’ म्हणतात, ते बरोबरच आहे. पण तो शब्द मारणाऱ्यांची संख्या सांगतो, कारण सांगत नाही. काही जण म्हणतात, त्यांना डवरी म्हणून कुठे मारलं, चोर म्हणून मारलं. मला हे पटत नाही. ‘तू कोनता गावना? आठे काबर उना?’ (तू कुठल्या गावचा? इथे का आलास?) हा प्रश्न कुणाला विचारला जातो? अफवा सगळ्यांवर सारखी उतरत नाही, ती झोळीवाल्यावर, पालावरच्या माणसावर उतरते. भटक्याला चोर समजण्याची सवय आधीची होती, फोनने तिला फक्त निमित्त दिलं. राईनपाडा मी द्वेषमूलक गुन्ह्यांतच धरतो.

त्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या हत्येसाठी वेगळा गुन्हा करावा अशी शिफारस संसदेला केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो आला : पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेला खून. यादीत ‘धर्म’ हा शब्द सरळ नाही. आणि शिक्षा? फाशी किंवा जन्मठेप, म्हणजे साध्या खुनाला आहे तीच. जबर दुखापतीचंही तसंच : झुंडीने जातीवरून हातपाय मोडले तरी सात वर्षांपर्यंत, एकट्याने बांधावरून मोडले तरी सात वर्षांपर्यंत. तेव्हा ‘जादा शिक्षा योग्य का’ हा वाद आपण घालतो खरा, पण या कलमांत नाव वेगळं झालं आहे, वजन वाढलेलं नाही. खुनाला याहून मोठी शिक्षा नाही आणि मी ती मागतही नाही; दुखापतीच्या कलमात मात्र फरक हवाच होता.

एक व्यवहाराची गोष्ट. ‘म्हणून’चा पुरावा बहुतेक वेळा मारताना उच्चारलेल्या शब्दांत असतो, आणि आपल्याकडे ते शब्द अहिराणीत, भिलीत, पावरीत असतात. ठाण्यात त्यांचं ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ असं एका ओळीचं सरकारी मराठी होतं, आणि पुढे बचावाचे वकील बरोबर त्यावर बोट ठेवतात : नेमकं काय म्हणाले? फिर्याद देणाऱ्याने किंवा सोबत गेलेल्याने आग्रह धरावा की जे बोललं गेलं ते त्याच बोलीत, अवतरणचिन्हांत, शब्दाला शब्द लिहिलं जावं. मराठी अर्थ हवा तर खाली द्यावा. सही करण्याआधी ते वाचून घ्यावं, वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचवून घेऊन ऐकावं, आणि फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नये.