हेकरूची लांबी आणि वजन नेमके कसे मोजावे?

आपला प्रश्न असा आहे की खडकाळ समुद्रतळावर गळाने पकडलेल्या हेकरूची, म्हणजे ग्रूपर माशाची, लांबी आपण घरी मोजली तेव्हा 33 सेंटीमीटर भरली, व्यापाऱ्याच्या माणसाने तीच 40 सांगितली, आणि वजनातही फरक पडला. तर खरे माप कोणाचे? मत्स्यशास्त्राचे शिक्षण झाल्यावर रत्नागिरीला मासळी उतरवण्याच्या जागी काही वर्षे मापटेबलापाशी उभा राहिलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

बहुधा दोघांचेही खरे आहे. माशाच्या लांबीचे तीन प्रकार आहेत. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ती एकूण लांबी, शेपटीच्या बेचक्यापर्यंत ती दुसरी, आणि जिथे मणक्याचा शेवट होऊन शेपटीचा पर सुरू होतो तिथपर्यंतची प्रमाण लांबी ही तिसरी. सुरमई किंवा बांगड्याला बेचकी स्पष्ट असते, हेकरूची शेपटी मात्र गोलसर असल्याने त्याच्या बाबतीत मधला प्रकार निरुपयोगीच ठरतो. आपण शेपटी सोडून मोजले असावे, कारण एकूण 40 सेंटीमीटरच्या हेकरूची प्रमाण लांबी साधारण 33 च भरते. किमान लांबीचा, म्हणजे त्याहून लहान मासा पकडू नये असा, नियम पाहतानाही त्याच्या यादीत कोणती लांबी धरली आहे हे आधी वाचावे. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये 54 जातींसाठी असे किमान आकार ठरवले आहेत.

मोजताना शिंप्याची टेप माशाच्या अंगावरून नेऊ नये. पोटाच्या फुगवट्यावरून गेलेली टेप हमखास जास्त आकडा दाखवते. एका टोकाला उभी आडफळी असलेली, सेंटीमीटरच्या खुणा केलेली सपाट पाटी घ्यावी, मासा तिच्यावर आडवा ठेवावा, तोंड मिटवून आडफळीला टेकवावे आणि शेपटी ज्या खुणेवर संपते ती वाचावी. हेकरूचा खालचा जबडा किंचित पुढे असतो, म्हणून तोंड उघडे राहिले तर माप लगेच बिघडते. खोल पाण्यातून ओढून काढलेल्या माशात वायुपिशवी फुगते आणि जठर तोंडातून बाहेर येते. त्या गुलाबी फुग्याच्या टोकापासून मोजणारे लोकही मी पाहिले आहेत.

वजनाचा घोळ याहून अधिक असतो. काटा इलेक्ट्रॉनिक आणि वैध मापन विभागाचे मुद्रांकन असलेला असला तरी त्यावर काय ठेवले आहे हे महत्त्वाचे. मासा अखंड आहे की पोट साफ केलेला, बर्फाच्या पाण्यातून थेट उचलला की निथळू दिला, क्रेटचे वजन वजा केले की नाही, हे सर्व ठरवावे लागते. भाव वजनाच्या गटानुसार ठरत असेल तर अर्धा ते एक किलो आणि एक ते दोन किलो यांच्या सीमेवरच्या माशासाठी 30 ग्रॅम पाणीसुद्धा भाव फिरवते, आणि तंटे होतात ते नेमके इथे. हलत्या होडीत टांगलेल्या काट्यावर तर मी वजन नोंदवतच नाही.

एक ताळा मात्र सोपा आहे. माशाचे वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून लांबीत 5 टक्के चूक झाली तर त्यावरून काढलेल्या वजनाचा अंदाज सुमारे 16 टक्क्यांनी चुकतो. 40 सेंटीमीटरचा अखंड हेकरू बहुधा 900 ग्रॅम ते एक किलोच्या आसपास भरतो. 33 हा आकडा एकूण लांबी समजून हिशेब केला, तर अंदाज जवळपास निम्म्यावर येईल. सुरुवातीच्या काळात मी स्वतः चाळीसेक माशांच्या नोंदी लांबीचा प्रकार न लिहिता केल्या होत्या, आणि वजनाशी ताडून पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या एका प्रकारच्या आणि निम्म्या दुसऱ्या निघाल्या. सगळे पान फाडावे लागले.

त्यानंतर माझ्या वहीतली प्रत्येक नोंद अशी असते: हेकरू, एकूण लांबी 40.2 सेंमी, अखंड, बर्फातून काढून निथळल्यावर, क्रेट वजा, 945 ग्रॅम, जठर तोंडात आलेले. व्यापाऱ्याकडून पावती घेताना तीवर यातले निदान लांबीचा प्रकार आणि माशाची अवस्था लिहून घ्या.