जुन्या गाडीला खालून गंज आलाय, अंडरबॉडी कोटिंग मारून घेऊ का?

तुमची 2008 ची वॅगन आर, रत्नागिरीत असते, खालून गंज दिसतोय आणि गॅरेजवाला म्हणतोय काळं कोटिंग मारू, गंज थांबेल. तर माझं उत्तर, आत्ता लगेच मारू नका. आधी गंज किती खोल गेलाय ते बघा. गंजावर कोटिंग म्हणजे ओल आलेल्या भिंतीला वरून डिस्टेंपर, ते कुठेतरी तडकतं, फटीतून पाणी आत जातं आणि मग वाळायला वावच नसतो, पत्रा आतल्या आत सडत राहतो आणि बाहेरून मस्त काळंभोर दिसतं त्यामुळे कुणाला कळतही नाही.

गाडी रॅम्पवर चढवायला सांगा (घरी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका प्लीज, जॅक सरकला की माणूस जातो). स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो आणि पापुद्रे खाली पडतात. शंका आली तिथे टोक दाबून बघा. दरवाज्यांखालची लांब पोकळ पट्टी, जॅक लावायच्या जागा, मागच्या सस्पेन्शनचे आर्म बॉडीला बोल्ट होतात तो भाग, हे सगळ्यात महत्त्वाचं. वॅगन आरला बोलेरोसारखी वेगळी चेसी नसते, बॉडीच चेसी, म्हणून या जागा गेल्या की गाडीची ताकदच गेली. आतून मॅटिंगपण उचला. एसीच्या पाण्याची नळी चोंदली की पुढच्या डाव्या सीटच्या पायाखाली पाणी साचतं आणि फ्लोअर वरून सडतो, खालून कितीही कोटिंग मारा.

आपल्याकडे हा त्रास जास्त का, तर मीठ. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून विरघळतं, आणि कोकणात पावसाळाभर हवा त्याच्या वरच असते. म्हणजे गाडी शेडमध्ये उभी असली तरी खाली खारं पाणी बसलेलंच. मासळीच्या गाड्यांतून रस्त्यावर गळणारं बर्फाचं पाणी, चाकाच्या कमानीत चिकटून बसलेला लाल चिखल, यानेही तेच होतं. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालायची हौस तर सोडूनच द्या.

आता गंज नुसता वरवरचा असेल तर काम सोपं आहे पण वेळखाऊ आहे, आणि गॅरेजवाले नेमकं हेच टाळतात. गोड्या पाण्याने खालून प्रेशरने धुवायचं, नीट वाळू द्यायचं, मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून पत्रा चमकेपर्यंत घासायचं. खड्ड्यांत राहिलेल्या गंजाला फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा काळा टिकाऊ थर करणारं द्रव), गंज काळा पडला की इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि मग कोटिंग. सायलेन्सर, ब्रेक, रबरी बुश आणि पाणी जायची भोकं झाकून ठेवायला सांगा, भोकं बुजली की सगळ्यावर पाणी फिरलं. पोकळ पट्टीच्या आत ब्रश पोचत नाही, तिथे नळी घालून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेण) मारतात, ते नक्की करा, माझ्या मते बाहेरच्या कोटिंगपेक्षा त्याचाच उपयोग जास्त. हे सगळं डिसेंबर ते फेब्रुवारीत, हवा कोरडी असताना.

जळकं ऑइल आणि डिझेल मारायचा जुना उपाय कुणी सांगेल. नको. रबरी बुश फुगतात आणि रस्त्यावर तेल गळतं ते वेगळंच.

भोक पडलं असेल तर एमसील, फायबर, लंबी (पुट्टी) काही नको, सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. त्याआधी बॅटरी काढायची, आतली मॅटिंग, वायरिंग, पेट्रोलची पाइप बाजूला घ्यायची, आणि टाकीजवळचं काम असेल तर टाकी उतरवूनच. वेल्डिंगनंतर आतल्या बाजूलापण प्रायमर लागलाच पाहिजे, नाहीतर सांधा पहिला सडतो. सस्पेन्शनच्या जागाच गेल्या असतील तर आधी खर्च विचारा, 15 वर्षांनंतर पासिंग फक्त पाच-पाच वर्षांचं मिळतं, त्या हिशोबात बसत नसेल तर गाडी भंगारात दिलेली बरी, दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका.

आणि एक गोष्ट आजच करा. मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे लोखंडी पाइप खालूनच जातात. क्लिपजवळ फुगलेले, पापुद्रे आलेले दिसले किंवा ब्रेक ऑइल कमी होत असेल तर बाकी सगळं राहू द्या, आधी पाइप बदला. तोपर्यंत घाट नको.