नॉर्वेच्या ‘आ-हा’ या पॉप बँडचा गायक मॉर्टन हार्केट ‘टेक ऑन मी’ या एका गाण्यापुरताच होता का? पुढे त्याने काय केलं?

अमेरिकेत विचाराल तर लोक बिनदिक्कत ‘हो’ म्हणतील. तिथे ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘टेक ऑन मी’ लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्यानंतर आ-हाचं तितकं मोठं काही चाललं नाही. पण ब्रिटनमध्ये हेच गाणं दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. तिथे पहिला नंबर लागला तो पुढच्या गाण्याचा, जानेवारी १९८६ मध्ये. आणि १९९१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये त्यांना ऐकायला तिकीट काढून १,९८,००० लोक आले, त्याची गिनीजमध्ये नोंद आहे. तेव्हा ‘एका गाण्याचा गायक’ हा शिक्का अमेरिकेपुरता. मी आ-हाचा जुना श्रोता, म्हणून थोडा पक्षपाती आहे हे धरून चाला.

मुळात ते एक गाणंही सुखासुखी चाललं नव्हतं. १९८४ मध्ये ते आलं आणि आपटलं. मग अॅलन टार्नी या निर्मात्याकडून नव्याने करून घेतलं, तरी ब्रिटनमध्ये थंडच. शेवटी दिग्दर्शक स्टीव्ह बॅरनने तो पेन्सिलच्या रेखाचित्रांचा व्हिडिओ केला, खऱ्या चित्रीकरणातली हजारो चित्रं हाताने गिरवून, आणि सगळं फिरलं. म्हणून पुष्कळांना वाटतं की यश व्हिडिओचं आणि हार्केटच्या देखणेपणाचं. मला हे पटत नाही. एकदा फक्त ध्रुवपद ऐका. सुरुवात अगदी खर्जात होते आणि शेवटपर्यंत आवाज अडीच सप्तकं चढून जातो, तेही जोर लावल्याचा मागमूस न ठेवता. गाणी बहुतांशी बँडमधले दुसरे दोघे, पॉल वॉक्टार आणि माग्ने फुरुहोल्मेन लिहायचे, पण ती पेलणारा गळा हार्केटचा. २००० साली पुनरागमनाच्या ‘समर मूव्ह्ड ऑन’मध्ये त्याने एक सूर तब्बल वीस सेकंद धरलाय.

मधल्या काळात बँड थंडावला तेव्हा १९९३ मध्ये त्याने चक्क नॉर्वेजियन भाषेत, बायबलशी नातं सांगणाऱ्या कवितांचा अल्बम केला. ‘वाइल्ड सीड’ (१९९५) हा त्याचा एकट्याचा सर्वांत चांगला अल्बम, असं माझं मत. नंतरचे ठीकठाक.

थोडं विषयांतर: १९८९ मध्ये हार्केट, माग्ने आणि पर्यावरण कार्यकर्ते फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालणारी फियाट पांडा नॉर्वेत आणली आणि ओस्लोत टोल भरायला साफ नकार दिला. दंड साचला, गाडी जप्त झाली, लिलावही झाला. पुढे सरकारने विजेच्या गाड्यांना टोलमाफी दिली. नॉर्वेतल्या इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय निघाला की हा किस्सा हमखास निघतो.

२०१० मध्ये बँडने निरोप घेतला, २०१५ मध्ये पुन्हा एकत्र आला. २०२२ मध्ये ‘ट्रू नॉर्थ’ हा अल्बम आला. जून २०२५ मध्ये हार्केटने पार्किन्सन झाल्याचं जाहीर केलं. मेंदूवरच्या शस्त्रक्रियेने हालचालींची लक्षणं बरीच आटोक्यात आली, पण आवाजाची अडचण तशीच आहे.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर २०१७ चं ‘अनप्लग्ड’ (साध्या वाद्यांवरचं थेट गायन) घ्या, नॉर्वेतल्या गिस्के बेटावर केलेलं. त्यात ‘टेक ऑन मी’ इतकं संथ आहे की पहिल्या ओळीला ओळखूच येत नाही.