तक्रार लेखी द्या, पोच घ्या : कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या ऑफिसात तीसेक माणसं आहेत. विभागप्रमुख जानेवारीपासून मला रात्री-अपरात्री नको ते मेसेज पाठवत होते, शेवटचा १८ मे रोजी आला. एचआरला दोनदा तोंडी सांगितलं, तर ‘बघू, बोलतो त्यांच्याशी’ एवढंच उत्तर मिळालं. सहकारी म्हणतात, तीन महिन्यांची मुदत कधीच गेली. खरं का?

उत्तर : नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात, ज्याला ऑफिसांत ‘पॉश’ म्हणतात, मुदत तीन महिन्यांचीच आहे. पण प्रकार पुन्हा पुन्हा घडला असेल, तर ती शेवटच्या प्रसंगापासून मोजतात. तुमच्या बाबतीत १८ मेपासून, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्यानंतरही ऑफिसातली अंतर्गत समिती, म्हणजे अशा तक्रारींची चौकशी करणारी समिती, आणखी तीन महिने मुदत वाढवू शकते. त्यासाठी आजारपण, धमकी, नोकरी जाण्याची भीती असं जे कारण असेल ते तक्रारीतच लिहावं, आणि समितीलाही मुदत वाढवण्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात.

एचआरला तोंडी सांगितल्याने मुदत थांबत नाही. तक्रार द्यायची ती अंतर्गत समितीकडे आणि लेखी. लिहिता येत नसेल, तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नव्हे. नियमाप्रमाणे सहा प्रती लागतात. सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडा. सातवी प्रत स्वतःसाठी ठेवा आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली, तर तीच तक्रार ईमेलने समितीच्या सगळ्या सदस्यांना पाठवा.

बऱ्याच तक्रारी लिहिण्यातच लंगड्या पडतात. ‘सर नेहमी वाईट वागतात’ या वाक्याची चौकशी कशी करायची? त्याऐवजी असं लिहा : ‘१२ मार्च, संध्याकाळी सुमारे सहा. मी रेकॉर्ड रूममध्ये व्हाउचरची फाईल काढत होते. ते आत आले, दार लोटलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी हात झटकून बाहेर पडले. दाराशी शिपाई होता, त्याने मला घाईने बाहेर येताना पाहिलं.’ शिपायाने स्पर्श पाहिलेला नाही म्हणून त्याचं नाव गाळू नका. अशा गोष्टी चारचौघांत होत नाहीत, त्यामुळे तुम्ही कुठून, कधी, कशा अवस्थेत बाहेर आलात हे सांगणाऱ्यालाही किंमत असते. त्याच रात्री बहिणीला किंवा मैत्रिणीला केलेला मेसेजही जोडा.

मेसेज संतापून डिलीट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये नुसतं नाव नको, नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग चालू असेल तर आजच बंद करा. मूळ फोन विकू किंवा बदलून देऊ नका.

‘मिटवून टाका’ असा आग्रह होईल. समेट फक्त तुम्ही मागितलात तरच होऊ शकतो, चौकशी सुरू होण्यापूर्वी, आणि पैशाच्या देवघेवीवर तर मुळीच नाही. एकदा समेट झाला की पुढे चौकशी होत नाही. समोरच्याने अटी मोडल्या तरच ती सुरू होते. म्हणून सही करण्याआधी अटी नीट वाचा. ‘पुन्हा असं होणार नाही’ ही अट नव्हे.

पोलिसांत जायचं असेल तर समितीचा निकाल येईपर्यंत थांबायची गरज नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळासाठीच आहे, आणि गुन्हा नोंदवायचा म्हटलं तर मालकाने तुम्हाला मदत करायची असते.

प्रश्न : आम्ही सातजणच आहोत, आणि त्रास देणारा खुद्द मालक आहे. समिती कुठून आणायची?

उत्तर : दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. पत्ता मिळत नसेल तर जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. घरकाम करणाऱ्या बायकाही याच समितीकडे जाऊ शकतात, हे फार कमी घरांत ठाऊक असतं.

प्रश्न : माझ्याविरुद्ध तक्रार झाली आहे. माझं न ऐकताच नोकरी जाईल का?

उत्तर : नाही. तक्रार मिळाल्यापासून सात कामकाजी दिवसांत समितीने तिची एक प्रत तुम्हाला पाठवायची आणि ती मिळाल्यावर दहा कामकाजी दिवसांत तुम्ही कागदपत्रं व साक्षीदारांच्या नावांसह उत्तर द्यायचं. वकील कुणालाच आणता येत नाही. कारण न देता लागोपाठ तीन सुनावण्या चुकवल्यात, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन समिती एकतर्फी निर्णय देऊ शकते. तक्रारदार बाईंना ‘एकदा बोलू’ असा फोन करू नका, तोच पुढे पुरावा होतो. आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी होती असं नव्हे. खोटेपणासाठी कारवाई व्हायची तर दुष्ट हेतू वेगळा सिद्ध व्हावा लागतो.

प्रश्न : चौकशी चालू आहे, पण माझं वार्षिक मूल्यमापन तेच साहेब लिहिणार. उलट मलाच दुसऱ्या शाखेत पाठवायचं चाललंय.

उत्तर : समितीकडे आजच लेखी अर्ज करा. तो केला नाही तर समिती आपणहून काही देत नाही. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्यांची बदली, तुमच्या नेहमीच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि तुमचं मूल्यमापन त्यांच्याऐवजी दुसऱ्याने लिहावं, अशी शिफारस समिती करू शकते. तुमची बदली तुम्ही मागितलेली नाही, हे अर्जात स्पष्ट लिहा.

त्याच वेळी समितीची रचना तपासा. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई हवी, एक सदस्य बाहेरचा हवा, निम्म्या तरी बायका हव्यात. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीनजण हजर हवेत. यात चूक असेल तर हरलेला माणूस तेवढ्यावरून अख्खी चौकशी कोर्टात रद्द करून घेऊ शकतो, आणि तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं. खोट दिसली तर सुरुवातीलाच लेखी दाखवून द्या.

चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. ती संपल्यावर १० दिवसांत अहवाल दोघांना मिळाला पाहिजे, आणि कंपनीने ६० दिवसांत शिफारशी अमलात आणल्या पाहिजेत. नाही आणल्या तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारशी मान्य नसतील किंवा त्या अमलात येत नसतील, तर अपिलाला ९० दिवस मिळतात. ते शिफारशींपासून मोजतात, म्हणून अहवाल हातात पडला त्या दिवशीची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.