मार्चमध्ये सोडू नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज दोनदा वाचला. ऐरोलीच्या मोठ्या कंपनीत अकाउंट्स पेएबलची, म्हणजे सप्लायरची बिलं मॅच करून पैसे देण्याची, जागा मिळतेय, पगार चांगला, शनिवार-रविवार सुट्टी. इकडे ठाण्याच्या नौपाड्यातल्या पाच माणसांच्या अकाउंट्सच्या फर्ममध्ये ऑगस्टपासून तू पार्ट्यांच्या (म्हणजे फर्मच्या गिऱ्हाइकांच्या) सेल्स-परचेसच्या एन्ट्र्या पंच करतोयस. रबाळ्याची क्वालिटीतली नोकरी सोडून अकाउंट्सच्या लाइनीत आलो ते चुकलं का, असं विचारतोस. तो निर्णय घेऊन झाला, त्यावर मी बोलणार नाही. माझं म्हणणं एवढंच: हातात घेतलेलं हिशोबाचं वर्ष मिटव.

7 तारखेला कापलेला कर म्हणजे टीडीएस भरणं, 11 ला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-1, 14 ला खरेदीवरच्या जीएसटी क्रेडिटचं स्टेटमेंट टूबी, 20 ला जीएसटी भरायचं रिटर्न थ्रीबी हे तुला आता पाठ झालंय. पण महिन्याचं काम चुकलं तरी महिना निघून जातो. चूक वर येते ती 31 मार्चनंतर, खाती जुळवताना. तेव्हाच तू तिथे नसशील, तर सात महिने केलंस काय?

बँकेची जुळवणी घे. समज, आपली वही आणि पासबुक यांत 5,400 चा फरक येतोय. आधी 9 ने भाग. भाग गेला तर बहुतेक वेळा आकड्यांची अदलाबदल असते. 7,000 चं काम, 18 टक्के जीएसटी, म्हणून 8,260 चं पेमेंट, आणि एन्ट्री झाली 2,860 ची. भाग गेला नाही तर फरकाची निम्मी रक्कम शोध. पेमेंटच्या जागी रिसीट पडली की फरक दुप्पट दिसतो. तेही नाही, तर पासबुक घेऊन ओळ न् ओळ टिक कर. पण फरक सस्पेन्समध्ये, म्हणजे न सुटलेल्या रकमांच्या खात्यात, टाकून पुढे जाऊ नकोस. ती सवय एकदा लागली की जात नाही, आणि ती लागते मार्चच्या घाईतच.

आता तुझ्या वागळे इस्टेटच्या पार्टीचं बघ. त्यांचा माल चलनावर (विक्रीचं बिल न करता, नुसत्या माल पाठवल्याच्या कागदावर) बाहेर प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा चढवायला, जातो. 31 मार्चला स्टॉक मोजताना गोडाऊनमधला माल मोजतात आणि प्लेटिंगवाल्याकडे पडलेला विसरतात. मालकी पार्टीचीच, म्हणून तो स्टॉकमध्ये यायलाच हवा. तो सुटला की नफा तेवढा कमी दिसतो. वर तो माल वर्षभरात परत आला नाही, तर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून व्याजासकट कर लागतो. फर्ममधल्या कुणाला चलन आणि माल असे शेजारी ठेवून बघता येत नाहीत. तुला येतात, रबाळ्यात सहा वर्षं तू तेच केलंस. अशा माणसाने बिलं मॅच करत बसावं, याचा मला राग येतो.

सोसायट्यांच्या हिशोबातही हेच. सिंकिंग फंडाची (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीची) वर्गणी मेंटेनन्सबरोबर उत्पन्नात पडते, वर्षभर कुणाला कळत नाही, आणि ताळेबंद करताना फंड आणि बँकेतली एफडी यांचा मेळच बसत नाही.

पगार कमी आहे, मान्य. घरचा हप्ता थकत असेल तर जा, मी अडवणार नाही. तुला नुसतं पंचिंगलाच बसवत असतील, तरीही जा. पण छोट्या फर्ममध्ये राहणारा मागे पडतो, हे मला सांगू नकोस. एका टेबलावर चलन, जीएसटी, पीएफ, ऑडिट सगळं दिसतं ते तिथेच, आणि तिथे राहिल्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते अर्धवट सोडलेल्या वर्षांचं. त्या फायली पुढे दुसऱ्याने मिटवल्या, त्यांतलं शिकायचं ते राहूनच गेलं.

म्हणून पुन्हा लिहितो, वर्ष मिटव. म्हणजे 30 सप्टेंबरला टॅक्स ऑडिटचा रिपोर्ट जाईपर्यंत थांब. जमलं तर 30 नोव्हेंबरपर्यंत, कारण मागच्या वर्षाचं राहिलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) त्यानंतर घेता येत नाही, आणि ते शोधून काढणं हा वेगळाच धडा आहे.

सोमवारी सरांकडे दोन पार्ट्या पूर्ण माग: वागळेची ही एक आणि एक सोसायटी. एन्ट्रीपासून ताळेबंदापर्यंत तूच करणार, असं स्पष्ट बोल. मग तीन याद्या काढ. 180 दिवसांत पैसे न दिलेले सप्लायर, कारण तिथे घेतलेलं क्रेडिट उलटवावं लागतं. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेले छोटे कारखानदार, ज्यांची बिलं 45 दिवसांवर थकलीत. लेखी करार नसेल तर 15 च दिवस धर. त्यांचं देणं 31 मार्चलाही थकलेलं असेल तर तो खर्च या वर्षी वजा मिळत नाही, पैसे देशील त्या वर्षी मिळतो. आणि प्लेटिंगला गेलेली, परत न आलेली चलनं. ही तिसरी यादी 15 मार्चच्या आत मला दाखव.