ओबोची चावी दाबल्यावर लगेच वर येत नाही: आधी काय तपासावं?

तुमच्या ओबोच्या, म्हणजे फुंकून वाजवायच्या लाकडी वाद्याच्या, दोन-तीन चाव्या संथपणे वर येतात, तेल घातलं की काही दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा तेच, असं तुम्ही लिहिलंय. तेलाची बाटली तूर्त बाजूला ठेवा. आतलं जुनं तेल घट्ट झालेलं असेल, तर नवं तेल त्याला थोडे दिवस पातळ करतं, मळ मात्र जागीच राहतो.

मी सगळ्यात आधी स्प्रिंग सोडवते. सुईसारखी ही स्प्रिंग चावीच्या छोट्या खाचेत अडकलेली असते. क्रोशाच्या बारीक सुईने ती अलगद बाजूला करा. शेजारची चावी जोडलेली असेल तर तिचीही. आता वाद्य तिरकं करा. चावी स्वतःच्या वजनाने मोकळी हलली, तर रॉड (चावी ज्याच्यावर फिरते तो धातूचा बारीक दांडा) निर्दोष आहे. स्प्रिंग कमजोर असेल किंवा पॅड (चावीखालची, छिद्र बंद करणारी गादी) चिकटत असेल. अडखळली, तर दोष रॉडमध्ये किंवा पोस्टमध्ये (रॉड धरणाऱ्या, लाकडात बसवलेल्या खुंट्यांमध्ये).

पॅड चिकटत असेल तर चावी उघडताना बारीकसा ‘चट्’ आवाज येतो. ऑक्टेव्ह, जी शार्प, ट्रिल अशा कायम बंद राहणाऱ्या चाव्यांना हा त्रास जास्त. सिगारेटचा कागद डिंकाची कड कापून पॅडखाली ठेवा, हलकेच दाबा, चावी उघडून मगच कागद काढा. दाबून ओढलात तर पॅडवरची पातळ त्वचा फाटते. पावडर अजिबात नको, ओलाव्याने तिचा लगदा होतो.

रॉड अडत असेल तर टोकाचा पिव्हट स्क्रू पाव फेरा सैल करून बघा. लगेच मोकळं वाटलं, तर बहुधा हवेतल्या दमटपणाने किंवा कोरडेपणाने लाकूड हललंय आणि पोस्ट सरकलेत. लांब रॉडला हे आधी जाणवतं. स्क्रू तसाच सैल ठेवू नका, चावी डगमगते. हे काम कारागिराचं.

फरक पडला नाही तर रॉड काढा. त्यावर काळपट थर दिसेल. लायटरच्या पेट्रोलने तो पुसा, रॉड ज्यात बसतो त्या चावीच्या नळीतून पाइप क्लीनर फिरवा, स्वच्छ निघेपर्यंत. वाळल्यावर सुईच्या टोकाने की-ऑइलचा एकच थेंब. पॅडला तेल लागू देऊ नका. साफ केलेला रॉड काचेवर लोळवून बघा. डुगडुगला तर वाकलाय, घरी सरळ करायला जाऊ नका.

आणि चाव्यांच्या पाठीवरच्या इवल्या ॲडजस्टिंग स्क्रूंना हात लावू नका. कोणता पॅड कोणाबरोबर बंद होतो ते त्यांच्यावर ठरतं. चावी संथ होण्याशी त्यांचा सहसा संबंध नसतो, पण एक जरी फिरला तरी खालचे स्वर निघेनासे होतात.